उमेदवारास काय विचारावे आणि त्याचे उत्तर कसे पारखावे

शेतकीच्या मासिकात निवडणुकीचा विषय कशास, असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. वाण, खत, पाणी, कीड यांची माहिती देण्यासाठी ही पाने आहेत, हे खरे. परंतु कपाशीचा आधारभाव, पंपाची वीज, धरणाचे पाणी आणि कारखान्यांसाठी संपादन होणारी जमीन या चारही गोष्टी शेताच्या बांधावर ठरत नाहीत. त्या मुंबईत व दिल्लीत ठरतात, आणि ठरविणारी माणसे आपणच निवडून पाठवितो. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, औताला जुंपून पाहतो; बियाण्याच्या पिशवीवरील उगवणशक्तीचा आकडा वाचल्यावाचून पैसे मोजीत नाही. पाच वर्षांसाठी प्रतिनिधी नेमताना मात्र सभेची गर्दी आणि गळ्यातील हार पाहून समाधान मानणे, हा व्यवहार शेतकऱ्यास शोभणारा नाही.

कोणत्या पक्षास मत द्यावे हे सांगणे या लेखाचे काम नव्हे. उमेदवार गावी आला असता त्यास धोरणाविषयी प्रश्न कसा विचारावा, आणि त्याने दिलेले उत्तर भरीव आहे की पोकळ हे कसे ओळखावे, एवढाच विषय येथे घेतला आहे. उदाहरणे आपल्याच जिल्ह्यातील, विशेषतः जालन्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपासची आहेत. कारण शेती आणि कारखाने यांचे हितसंबंध तेथे एकमेकांस अगदी खेटून उभे आहेत.

प्रश्न योग्य दारी जावा

महसूल कचेरीत नोकरी केलेल्या माणसास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. अर्ज कितीही न्याय्य असला, तरी ज्याच्या अधिकारातील ते काम नाही त्याच्या टेबलावर तो गेला, तर त्यावर ‘संबंधित कार्यालयाकडे’ असा शेरा पडतो आणि कागद फिरत राहतो. वीजजोडणीची मागणी तलाठ्याकडे, हद्दीच्या मोजणीची तक्रार ग्रामपंचायतीकडे, असे कागद प्रस्तुत लेखकाने नोकरीत पुष्कळ पाहिले आहेत. उमेदवारास विचारलेल्या प्रश्नाचेही तसेच आहे. किंबहुना येथे धोका अधिक. कारकून निदान शेरा मारून अर्ज परत करतो. उमेदवार ‘होय, करू’ म्हणून मोकळा होतो. जे काम आपल्या अधिकारातच नाही, त्याचे आश्वासन देण्यास त्यास काहीच वेचावे लागत नाही.

प्रथम आपला मतदारसंघ कोणता, हे नीट जाणावे. जालना लोकसभा मतदारसंघात आपल्या जिल्ह्यातील जालना, बदनापूर व भोकरदन हे तीन, आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोड, फुलंब्री व पैठण हे तीन विधानसभा मतदारसंघ येतात. परतूर व घनसावंगी हे दोन विधानसभा मतदारसंघ जालना जिल्ह्यात असूनही लोकसभेसाठी परभणीस जोडलेले आहेत. तेव्हा परतूरच्या शेतकऱ्याने जालन्याच्या लोकसभा उमेदवाराकडून वचन घेतले, तर ते वचन पाळले न गेल्यास जाब विचारण्याचे साधन, म्हणजे मत, त्याच्या हाती राहत नाही.

आता कोणता प्रश्न कोणाच्या दारचा, हे पाहू.

जमीन. जालन्याची औद्योगिक वसाहत शहराच्या पश्चिमेस संभाजीनगर रस्त्याच्या बाजूस आहे. लोखंडी सळई पाडणाऱ्या भट्ट्या व रोलिंग मिल यांसाठी आणि बियाण्यांच्या उद्योगासाठी जालन्याचे नाव देशभर झाले आहे. वसाहत वाढावयाची म्हणजे जमीन लागावयाची. हे संपादन महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ याखाली होते. त्याच्या ३२ व्या कलमान्वये मालकास प्रथम नोटीस देऊन हरकत मांडण्याची संधी द्यावी लागते, मग जाहीर सूचना निघते, आणि ती राजपत्रात प्रसिद्ध झाली की जमीन शासनाकडे निहित होते. मोबदला ३३ व्या कलमान्वये, शक्य तेथे कराराने ठरतो. हा सर्व अधिकार राज्य शासनाचा आहे. म्हणून तो प्रश्न विधानसभेच्या उमेदवारास विचारावयाचा. लोकसभेच्या उमेदवारास नव्हे.

कापूस. या प्रश्नाचे दोन भाग आहेत, आणि दोन दारे आहेत. आधारभावाची शिफारस केंद्राचा कृषी मूल्य आयोग करतो व निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाची समिती घेते. २०२५–२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलास ७,७१० रुपये व लांब धाग्यास ८,११० रुपये असा भाव ठरला होता. त्याच वर्षी ऑगस्टात केंद्राने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले. दोन्ही निर्णय दिल्लीचे. म्हणून ते लोकसभेच्या उमेदवाराने उत्तर देण्याचे विषय होत. परंतु बाजार समित्यांचा कारभार राज्याच्या १९६३ च्या कायद्याने चालतो. वजनकाटा, अडत, सौद्याची वेळ यांविषयीचे गाऱ्हाणे आमदाराकडे व बाजार समितीच्या संचालकांकडे जावे.

पाणी. गोदावरीच्या वरच्या धरणांतून जायकवाडीस किती पाणी सोडावे, हे राज्याच्या अधिकारातील काम आहे. २००५ साली यासाठी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला.

वीज. विजेचा दर कोणीही आमदार वा मंत्री ठरवीत नाही. तो २००३ च्या वीज कायद्यान्वये राज्य वीज नियामक आयोग ठरवितो. शासनास कोणा वर्गास स्वस्त वा मोफत वीज द्यावयाची असेल, तर त्याच कायद्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणे ती रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून भरावी लागते.

धूर व सांडपाणी. कारखान्याची काजळी पिकावर बसते किंवा विहिरीचे पाणी बिघडते असे ज्यांचे म्हणणे असेल, त्यांनी १९७४ चा जलप्रदूषण कायदा व १९८१ चा वायुप्रदूषण कायदा लक्षात ठेवावे. त्यांची अंमलबजावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. येथे उमेदवाराचे काम मंडळास जाब विचारण्याचे.

फळाचे वचन आणि कृतीचे वचन

दार ठरल्यावर पुढील प्रश्न असा की, उमेदवाराकडून मागावयाचे काय? बहुतेक सभांत मतदार फळ मागतात आणि उमेदवारही फळाचेच वचन देतात. ‘कापसाला दहा हजार भाव मिळवून देऊ’, ‘पाणी आणू’, ‘रस्ता करू’. वास्तविक एकटा आमदार २८८ जणांच्या सभागृहात आणि एकटा खासदार ५४३ जणांच्या सभागृहात एक मत घेऊन बसलेला असतो. फळ त्याच्या एकट्याच्या हाती नाही. कृती मात्र पूर्णतः त्याच्या हाती आहे. म्हणून शहाण्या मतदाराने कृतीचे वचन घ्यावे. तो तारांकित प्रश्न विचारू शकतो. विधानसभेत लक्षवेधी सूचना देऊ शकतो. अर्थसंकल्पाच्या वेळी कपातसूचना मांडू शकतो. खासगी विधेयक आणू शकतो. जिल्हा नियोजन समितीत बोलू शकतो. यांपैकी काय, आणि कोणत्या अधिवेशनापर्यंत, एवढे त्याच्याकडून वदवून घ्यावे.

याचे ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ च्या ऑगस्टात स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ च्या आरंभी मुंबई प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक लढविली. जमीन कसणाऱ्या कुळांचे संरक्षण हा त्या पक्षाच्या जाहीरनाम्यातील विषय होता. निवडून आल्यावर त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक सभागृहात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी त्यासाठी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चाही मुंबईत विधिमंडळावर गेला. त्या वेळी सरकार काँग्रेसचे होते. ते विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा मुंबई प्रांताचा कायदा पुढे १९४९ साली झाला.

आता विचार करावा. ‘खोती जाईल’ हे फळाचे वचन दिले असते, तर १९३८ साली ते खोटे ठरले असते. ‘खोती घालविण्याचे विधेयक मी मांडीन’ हे कृतीचे वचन मात्र काही महिन्यांत पुरे झाले. आणि ते पुरे झाल्यामुळेच खोतीचा प्रश्न सभागृहाच्या कागदावर आला. मतदाराने हिशेब ठेवावयाचा तो या दुसऱ्या वचनाचा. खासगी विधेयके क्वचितच कायद्याचे रूप घेतात. संसदेत १९७० नंतर तर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही. तरीही चर्चेस आलेल्या विधेयकास मंत्र्यास उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर छापले जाते. ‘विधेयक आणून कायदाच करून घेतो’ असे सांगणारा उमेदवार अज्ञानी असेल किंवा आपणांस अज्ञानी समजत असेल. ‘विधेयक मांडतो, मंत्र्यांकडून उत्तर घेतो आणि ते तुम्हांस वाचून दाखवितो’ म्हणणारा विश्वासास अधिक पात्र होय.

आपल्याकडील कोरड्या बंदराचेही असेच. जालन्याजवळ दरेगाव–जवसगावच्या शिवारात रेल्वेने माल थेट मुंबईच्या बंदराकडे धाडण्याची सोय व्हावी, म्हणून २०१५ च्या डिसेंबरात पायाभरणी झाली. पुढे तेथे बहुविध मालवाहतुकीचे केंद्र उभारण्यासाठी केंद्राच्या रस्ते विभागाच्या कंपनीशी २०२२ साली करार झाला. अशा कामाविषयी ‘बंदर कधी सुरू होणार’ एवढेच विचारले, तर प्रत्येक वेळी एक नवी तारीख मिळते. त्याऐवजी कोणते काम कोणत्या खात्याकडे उरले आहे, त्यासाठी कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद आहे आणि आपण त्यावर सभागृहात कधी विचारणार, असे तीन प्रश्न करावे. तारखेचे उत्तर कोणीही देतो. या तिहींचे उत्तर अभ्यास केल्यावाचून देता येत नाही.

पैसा कोठून येणार

जाहीरनाम्यातील वचनांस पैसा कोठून येणार, हे विचारण्यात काहीच उद्धटपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी तामिळनाडूतील एका खटल्यात निवडणूक आयोगास जाहीरनाम्यांविषयी नियम करण्यास सांगितले. त्यानुसार आयोगाने आचारसंहितेत जे कलम घातले, त्यात वचनांमागील कारण जाहीरनाम्यात दिसावे आणि त्यांस लागणारा पैसा कोणत्या मार्गाने उभारणार हे ढोबळमानाने सांगावे, अशी अपेक्षा नमूद आहे. तेव्हा ‘पैसा कोठून?’ हा प्रश्न मतदाराच्या पदरचा नसून आयोगाच्या नियमातलाच आहे, असे बेधडक सांगावे.

जालन्यात हा प्रश्न विजेच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरतो. लोखंड वितळविणाऱ्या भट्टीस वीज म्हणजे कच्च्या मालाखालोखाल मोठा खर्च. त्यामुळे कारखानदारांची पहिली मागणी स्वस्त विजेची असते; २०१६ साली राज्याने विदर्भ–मराठवाड्यातील उद्योगांस वीजदरात सवलत दिली, ती याच मागणीमुळे. दुसरीकडे आपणां शेतकऱ्यांची मागणी पंपास स्वस्त विजेची. राज्याने २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली. शेतीपंपास जी वीज उत्पादनखर्चापेक्षा कमी दराने मिळते, तिची तूट दोनच ठिकाणांहून भरून निघते. एक तर उद्योग व व्यापार यांच्यावर अधिक दर बसवून, किंवा शासनाच्या तिजोरीतून. तिसरी जागा नाही.

आता एकच उमेदवार सकाळी औद्योगिक वसाहतीत कारखानदारांच्या बैठकीत ‘तुमच्यावरील विजेचा भार कमी करू’ म्हणतो आणि संध्याकाळी नागेवाडीस किंवा दरेगावास येऊन ‘पंपाची वीज कायम मोफत ठेवू’ म्हणतो, असे समजू. दोन्ही वचने स्वतंत्रपणे वाईट नाहीत. दोन्ही एकत्र ठेवली की तिजोरीवर दुहेरी भार पडतो. तेव्हा त्यास विचारावे: ही रक्कम दरवर्षी अर्थसंकल्पात घालण्यासाठी कोणता दुसरा खर्च कमी करण्यास आपण मत द्याल? रस्ते, सिंचन, पीकविमा, की आणखी काही? या प्रश्नावर जो हसून विषय बदलतो, त्याने हिशेब केलेला नाही. जो ‘अमुक खर्च कमी करावा लागेल’ असे सांगतो, त्याचे म्हणणे आपणांस पटो न पटो, तो माणूस आपणांस बरोबरीचा समजून बोलत आहे.

पक्षाचे बंधन

उमेदवार कितीही प्रामाणिक असला, तरी सभागृहात तो पक्षाच्या आदेशाने बांधलेला असतो. १९८५ साली घटनेस जोडलेल्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणून ‘आपण काय कराल’ याच्या जोडीस ‘आपला पक्ष काय करील’ हे विचारणे अगत्याचे आहे.

येथे जायकवाडीचे उदाहरण सर्वांत उपयोगी. २०१४ च्या सप्टेंबरात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला, त्याचा मथितार्थ असा की, १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक व अहिल्यानगरकडील वरच्या धरणांतून पाणी खाली सोडावे. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. त्यानंतरही कमी पावसाच्या वर्षी पाणी सोडण्याची वेळ आली की वरील बाजूस विरोध उठतो, आणि खालील बाजूस मागणी उठते. गंमत अशी की दोन्हीकडील पुढारी पुष्कळदा एकाच पक्षाचे असतात. म्हणून पैठण, अंबड वा घनसावंगीकडील मतदाराने सरळ विचारावे: ‘आपल्याच पक्षाचे नाशिक–अहिल्यानगरकडील उमेदवार तेथे काय सांगत आहेत? पक्षाच्या बैठकीत या दोन मतांपैकी कोणते पक्षाचे मत ठरले? ठरले नसेल, तर आपण त्या बैठकीत काय बोलाल?’ ‘आम्ही मराठवाड्यावर अन्याय होऊ देणार नाही’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. ते वाक्य टाळ्यांसाठी आहे.

त्याचबरोबर आणखी एक प्रश्न अलीकडच्या काळाने शिकविला आहे. २०२२ व २०२३ या दोन वर्षांत महाराष्ट्रातील दोन मोठ्या पक्षांत फूट पडली. कोणाची बाजू बरोबर, हा येथील विषय नव्हे. परंतु ज्या जाहीरनाम्यावर मत दिले तो पक्ष मध्येच बदलला, तर मतदारापाशी येऊन कारण सांगाल की नाही, आणि राजीनामा देऊन पुन्हा मत मागाल की नाही, हे आधीच विचारून ठेवणे मतदाराच्या हक्कात बसते.

वेस बंद करावी की सभा भरवावी

आपल्या जिल्ह्याने प्रश्न विचारण्याचे सामर्थ्य साऱ्या महाराष्ट्रास दाखविले आहे. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे २०२३ च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले आणि १ सप्टेंबरच्या लाठीमारानंतर ते राज्यभर गाजले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अनेक गावांनी पुढाऱ्यांस गावबंदी केली. पुढे २० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाने १० टक्के आरक्षणाचा कायदा संमत केला, आणि त्यानंतर १३ मे रोजी झालेल्या लोकसभेच्या मतदानात हा प्रश्न जालन्यातील प्रत्येक उमेदवारापुढे उभा होता. १९९९ पासून पाच वेळा सलग निवडून आलेले रावसाहेब दानवे त्या निवडणुकीत पराभूत होऊन कल्याण काळे विजयी झाले. पराभवाची कारणे अनेक असतात व त्यांचा निवाडा येथे करावयाचा नाही. मतदार एकत्र येऊन एकच प्रश्न धरून बसले तर तो टाळता येत नाही, एवढे मात्र निर्विवाद आहे.

परंतु वेस बंद केल्याने राग कळतो, उत्तर मिळत नाही. आणि उमेदवारास प्रचाराचा हक्क कायद्याने आहे. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, वेस उघडी ठेवून सर्व उमेदवारांस एकाच दिवशी, एकाच ठिकाणी बोलवावे आणि सर्वांस तेच प्रश्न विचारावे.

या रीतीचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. इलिनॉय प्रांतात १८५८ साली अब्राहम लिंकन व स्टीफन डग्लस हे प्रतिस्पर्धी सात ठिकाणी लोकांसमोर समोरासमोर वादास उभे राहिले. फ्रीपोर्ट येथे २७ ऑगस्ट रोजी लिंकनने डग्लसच्या सात प्रश्नांस एकेक करून उत्तरे दिली आणि मग स्वतः चार प्रश्न टाकले. गुलामगिरीसंबंधीच्या एका प्रश्नास डग्लसने जे उत्तर दिले, त्याने त्याची ती निवडणूक निभावली. पण लघुलिपीत टिपून वृत्तपत्रांत छापलेले तेच उत्तर दक्षिणेकडील लोक विसरले नाहीत, आणि १८६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते त्यास बाधले. बोललेले उत्तर वाऱ्यावर जाते. लिहिलेले उत्तर माणसाच्या मागे चालते.

आपल्या गावी अशी सभा भरविताना पुढील पथ्ये पाळावी. निवडणूक अधिकाऱ्याची परवानगी आधी काढावी. मंदिर, मशीद अशा प्रार्थनास्थळी सभा घेऊ नये. आचारसंहितेने तेथे प्रचार वर्ज्य आहे, म्हणून मारुतीच्या सभामंडपाचा मोह टाळून मोकळे मैदान निवडावे. लोकसभा व विधानसभा निवडणुकीत मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या ४८ तासांत सभा घेता येत नाही, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा. जेवणावळ व हारतुरे ठेवू नयेत. प्रश्न आठवडाभर आधी लेखी पाठवावे, म्हणजे ‘माहिती घेऊन सांगतो’ ही पळवाट उरत नाही.

एक अडचण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. गावात वजनदार उमेदवारास उभे राहून प्रश्न विचारणाऱ्याचे नाव लक्षात ठेवले जाते. त्याचे सोसायटीचे कर्ज किंवा रस्त्याचे काम अडेल, ही भीती अगदीच निराधार नसते. म्हणून प्रश्न एकट्याच्या नावे न जाता शेतकऱ्यांच्या मंडळाच्या नावे जावे, आणि मंडळाने कोणाचाही पुरस्कार न करता ते वाचून दाखवावे. एकाचा प्रश्न तक्रार ठरतो. चाळीस खातेदारांचा प्रश्न विषयपत्रिका ठरते.

सभेपूर्वी उमेदवाराचे शपथपत्र वाचण्यास विसरू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांपासून प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता, देणी, शिक्षण व फौजदारी खटले अर्जासोबत जाहीर करावे लागतात. हे कागद कोणासही पाहता येतात. सातबारा न पाहता जमीन घेऊ नये, तद्वत् शपथपत्र न पाहता मत देऊ नये.

विचारावयाचे प्रश्न

वरील विवेचनाचे सार म्हणून पुढील सात प्रश्न टिपून ठेवावे.

१. हा विषय ज्या सभागृहासाठी आपण उभे आहात त्याच्या अधिकारातील आहे काय? नसल्यास कोणाच्या?

२. या विषयावर आपण स्वतः कोणती कृती, कोणत्या अधिवेशनापर्यंत कराल?

३. त्यास पैसा किती लागेल व कोठून येईल?

४. आपल्या पक्षाचे लेखी मत काय आहे? इतर जिल्ह्यांत तो पक्ष हेच सांगतो काय?

५. औद्योगिक वसाहतीसाठी नवे संपादन निघाल्यास, कलम ३२ ची नोटीस मालकांस मिळाल्यापासून संयुक्त मोजणी पुरी होईपर्यंत आपण कोणते साह्य कराल? विहिरी, मोसंबीची झाडे व पाइपलाइन यांची नोंद सुटणार नाही, यासाठी काय कराल?

६. प्रदूषणाच्या तक्रारीवर मंडळाने केलेल्या तपासणीचा अहवाल आपण मागवून गावात वाचून दाखवाल काय?

७. निवडून आल्यास वर्षातून एकदा याच ठिकाणी येऊन या उत्तरांचा हिशेब द्याल काय?

पाचव्या प्रश्नाविषयी एक सूचना शेतकरी बंधूंसच करावयाची आहे. मोबदल्याच्या वेळी बोलते ती नोंद, आठवण नव्हे. आपल्या सातबाऱ्यावर विहीर, फळबाग व पीकपाहणी दर हंगामास नीट चढली आहे की नाही, हे आजच पाहावे. २०२१ पासून ही पाहणी मोबाइलवरून स्वतः नोंदविण्याची सोय झालेली आहे. जे आपल्या हातचे आहे ते करून ठेवल्यावर उमेदवारास जाब विचारण्यास जोर येतो.

उत्तरानंतरचे काम

उत्तरे मिळाली म्हणजे काम संपले असे नाही; खरे काम तेथून पुढे लागते. मंडळाने एक वही ठेवावी. डाव्या पानावर प्रश्न व उमेदवाराचे उत्तर त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहावे. उजवे पान कोरे ठेवून त्यावर पुढील पाच वर्षांत प्रत्यक्ष काय झाले ते टिपावे. सभागृहात सदस्याने विचारलेले प्रश्न व मिळालेली उत्तरे प्रसिद्ध होतात, ती पाहता येतात. शासनाच्या कचेरीत अडलेली माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. पराभूत उमेदवारांची उत्तरेही वहीत राहू द्यावी. पुढील खेपेस तेच पुन्हा उभे राहतील, आणि विरोधी पक्षात राहून त्यांनी काय केले, हेही विचारण्यासारखे आहे.

ज्याने ‘हे माझ्याने होणार नाही’ असे स्पष्ट सांगितले, त्यास त्या उत्तराबद्दल शिक्षा करू नये. मतदार नकार ऐकून घेत नाहीत, म्हणून उमेदवार होकाराखेरीज दुसरे काही बोलत नाहीत. खोट्या आश्वासनांच्या पिकास आपल्या टाळ्यांचेच पाणी मिळत आले आहे. खरे, अपुरे, कडू उत्तर देणाऱ्यास आपण मान देऊ लागलो, तर उत्तरांची जात हळूहळू सुधारेल. बियाणे निवडून घेणाऱ्या शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

गावोगावच्या मंडळांनी ही वही या हंगामातच उघडावी, आणि पहिले पान भरल्यावर ते या मासिकाकडेही पाठवावे, अशी विनंती करून हा लेख पुरा करितो.